पोटभाडेकरू

आमच्या लॅबच्या नोंदवहीत नाव, वय, पत्ता यांच्यापुढे एक रकाना होता : तक्रार. ताप, जुलाब, खोकला, जे असेल ते एका शब्दात लिहायचं. १९८९ च्या जूनमध्ये मी रे रोडला नोकरीला लागले आणि २०२० पर्यंत तिथेच राहिले. एवढ्या वर्षांत त्या रकान्यात मी सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ‘काही नाही’.

लोकांना वाटतं, लॅबमध्ये आजारी माणसं येतात. येतातच. पण रे रोडच्या लॅबमध्ये धडधाकट माणसं जास्त यायची. बोटीवर जाण्याआधी मेडिकल करायला आलेला खलाशी. कॅन्टीनच्या नोकरीसाठी फिटनेस हवा असलेला पोऱ्या. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला पाठवलेला हमाल. यांना काहीही होत नसायचं. ‘मॅडम, काय नाय झालंय, कागद पाहिजे फक्त,’ असं म्हणत बाही वर करून बसायचे. नीट चाललेल्या शरीरात कोण कोण राहतं, हे मी शिकले ते या माणसांच्या रक्तावर आणि शौचाच्या डबीवर.

रे रोडला राहतो म्हटलं की मुंबईकरही विचारतो, ‘तिथे राहतं कोण?’ नकाशात ते हार्बर लाइनवरचं, डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीनच्या मधलं स्टेशन. नाव मुंबईच्या एका गव्हर्नराचं, लॉर्ड रे यांचं. स्टेशनच्या पूर्वेला समुद्रापर्यंत सगळी पोर्टाची जमीन. तिथली नावंच माल सांगतात : लकडा बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर, आणि जिथे पूर्वी तोफांची दारू ठेवत तो दारूखाना. माझ्या वेळी दारूखान्यात जुनी जहाजं कापली जायची. वखारीत लाकूड, गाळ्यांत लोखंड, आणि गाळ्यांच्या माळ्यावर, पत्र्याखाली, दहाबारा जणांच्या खोल्यांत माणसं. कोकणातली, घाटावरची, देवरिया-गोरखपूरची, बिहारची. मी लालबागहून काळाचौकीमार्गे चालत यायचे. पुलावरून उतरताना गंजाचा आणि ओल्या लाकडाचा वास एकत्र यायचा. आता तिथे तारांवर तोललेला नवा पूल झालाय. वास मात्र तोच असावा.

पण माझा पहिला धडा रे रोडच्या आधीचा. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब तंत्रज्ञांच्या डिप्लोमाच्या वर्गात असताना सरांनी एका शुक्रवारी फर्मान काढलं : सोमवारी येताना प्रत्येकाने आपापला नमुना घेऊन यायचा. आम्ही वीस-बावीस पोरंपोरी. हसण्याचा, नाकं मुरडण्याचा कार्यक्रम झाला. सोमवारी डब्या आल्या. एक थेंब सलाइन, एक थेंब आयोडीन, काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना, वर कव्हरस्लिप. मी माझीच स्लाइड लावली आणि बघत राहिले. आयोडीनने पिवळ्या झालेल्या कचऱ्यात सुबक, लंबगोल, दुहेरी रेघेची एक गोष्ट. जरा सरकवलं तर आणखी एक. मग आणखी. जार्डियाचे सिस्ट. भिंतीवरच्या तक्त्यात त्याचं मोठेपणीचं चित्र होतं : नासपतीच्या आकाराचा जीव, आत डोळ्यांसारखी दोन केंद्रकं, जणू आपल्याकडेच बघणारा चेहरा.

मी तेव्हा चांगली गुटगुटीत होते. पोट कधी दुखलं नव्हतं. माझ्यासह वर्गातल्या पाचजणांकडे काही ना काही निघालं आणि पाचहीजण ठणठणीत. सर गिरगावातल्या चाळीत राहणारे. म्हणाले, ‘पागडीच्या खोलीत पोटभाडेकरू कसा राहतो? भांडत नाही, आवाज करत नाही, मालकाच्या नजरेला पडत नाही. भांडला की गेला. हे तसेच. यजमान मेला तर यांचंही छप्पर जातं. शहाणा परजीवी मालकाला धक्का लावत नाही.’

वर्गात हशा पिकला. पोटातला भाडेकरू तो पोटभाडेकरू, ही कोटी कोणालाही कळणारी. पण तिच्यात बरंच शास्त्र होतं, हे मला हळूहळू कळत गेलं. आपली समजूत अशी की प्रतिकारशक्ती चांगली असेल तर शरीरात परकं काही टिकत नाही. जिवाणूंच्या बाबतीत बऱ्याचदा लढाई होते आणि निकाल लागतो. जंतांशी मात्र शरीराचा होतो तो तह. मिलीमीटरभर किंवा वीतभर लांबीचा प्राणी कुठलीही पांढरी पेशी गिळू शकत नाही. शरीर त्याला चहूबाजूंनी दाबून ठेवतं, त्याची संख्या वाढू देत नाही. जंतही स्वतःहून असे पदार्थ सोडतो की शरीराची चीड जरा निवते. दोघंही आपापल्या हद्दीत राहतात. म्हणजे निरोगी माणसाच्या अंगात परजीवी गप्प असतो, त्याचं एक कारण तो माणूस निरोगी असतो हेच. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचे रुग्ण वाढले तेव्हा याची उलटी बाजू दिसली. वर्षानुवर्षं मेंदूत झोपलेला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी प्रतिकारशक्तीची राखण उठल्याबरोबर जागा होऊ लागला. तो तिथे आधीपासूनच होता.

या तहाची खूण रक्तात सापडते. लिशमनच्या रंगाने रंगवलेली स्लाइड ऑइल लेन्सखाली धरली की पांढऱ्या पेशींमध्ये एक उठून दिसते : केंद्रक दोन भागांचं, चष्म्याच्या काचांसारखं, आणि भोवती केशरी-लाल दाणे ठासून भरलेले, बुंदीच्या लाडवासारखे. ही इओसिनोफिल. शंभर पेशी मोजल्या की एक ते सहा असायला हव्यात. आमच्याकडच्या हमालांत बारा, पंधरा, वीस सर्रास निघायच्या. ॲलर्जी, दमा यांतही त्या वाढतात, म्हणून ‘इओ वाढले म्हणजे जंत’ असं म्हणता येत नाही. पण पंधरा इओ आणि तक्रार काही नाही, असा रिपोर्ट लिहिताना मला चाळीतला बंद दार असलेला पण आत दिवा असलेला माळा आठवायचा.

या कामात माझ्या हातून दोन प्रकारच्या चुका झाल्या. जे दिसलं ते चुकीचं वाचलं, ही पहिली. जे दिसलं नाही ते नाहीच असं लिहिलं, ही दुसरी.

पहिली अमिबाची. गिरणगावात त्या काळी पोटाचं काहीही झालं की ‘अमिबा झालाय’ म्हणत. लहान पोरालाही तो शब्द यायचा. शौचाच्या तपासणीत दहा-बारा मायक्रॉनचा गोल सिस्ट दिसायचा, आत चार केंद्रकं, प्रत्येकात मधोमध बिंदू. मी बिनदिक्कत लिहायचे : एन्टअमिबा हिस्टोलिटिकाचे सिस्ट आढळले. मग मेट्रोनिडाझोलचा कोर्स, तोंडाला आठवडाभर पितळेची चव, आणि पुन्हा तपासणी.

एका कॅन्टीनमध्ये लागलेला कारवारकडचा एक मुलगा होता. वीसेक वर्षांचा, डोशाचा तवा सांभाळायचा. वार्षिक तपासणीत मी त्याच्या रिपोर्टवर ते वाक्य लिहिलं. त्याच्या सुपरवायझरने कागद वाचला आणि ‘रिपोर्ट साफ झाल्यावर ये’ म्हणून घरी पाठवलं. त्याने गोळ्या खाल्ल्या, परत आला, सिस्ट तसेच. पुन्हा गोळ्या. दोन महिने बिनपगारी गेले. तिसऱ्या खेपेला तो मला म्हणाला, ‘मॅडम, मला काय होत नाही. तुम्हाला तेवढं दिसतंय.’ मी त्याला स्वच्छतेवर व्याख्यान दिलं.

पुढे आमच्या डॉक्टरबाई एक दिवस एक कागद घेऊन आल्या. ब्रम्प्ट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच सांगितलं होतं की हा अमिबा एक नसून दोन आहेत, एक आतडं पोखरणारा आणि एक निरुपद्रवी. दोघांचे सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तंतोतंत सारखे. लोकांनी ऐकलं नाही. १९९३ मध्ये ते दोन वेगळे जीव म्हणून रीतसर मान्य झाले आणि निरुपद्रवी जातीचं डिस्पार हे नाव कायम झालं. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की त्रास नसलेल्या माणसाला केवळ असे सिस्ट दिसले म्हणून औषध देऊ नका. खरा हिस्टोलिटिका असेल तर मात्र त्रास नसला तरी उपचार हवेत, कारण तोच माणूस दुसऱ्यांना देतो. आणि तेव्हाही आतड्यातल्या सिस्टवर मेट्रोनिडाझोल नीट चालत नाही, त्याला डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध लागतं. कोण कुठला हे ठरवायला वेगळी चाचणी लागते, ती आमच्याकडे नव्हती.

त्या दिवसापासून मी ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असं लिहू लागले. कारवारच्या मुलाला शोधायला गेले, तर कॅन्टीनवाले म्हणाले, तो कधीच गेला. त्याच्या पोटात कोण होतं, देव जाणे. पण ज्याची मला खात्री नव्हती त्याचं नाव मी सहीनिशी लिहिलं होतं, आणि त्या नावापायी एका धडधाकट पोराचा तवा गेला.

दुसऱ्या चुकीकडे जाण्याआधी एका रात्रीचं सांगते.

कौला बंदरच्या एका कटरच्या रक्तात इओ वाढलेले होते. हा देवरियाचा, जहाजाचा पत्रा गॅसने कापायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, पूर्वांचलचा आहे, रात्रीचं रक्त बघूया. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं, मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या दरम्यान वरच्या रक्तात येतात. त्यांना पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, म्हणून ही पाळी. त्याला सांगितलं, रात्री साडेदहाला ये. तर तो खोलीतल्या चौघांना घेऊन आला. ‘सबका देख लो मॅडम, फुकट में नहीं, पैसा देंगे.’

लॅबखालचं टायरचं दुकान बंद, रस्त्यावर एखादा ट्रेलर, मधूनच हार्बरची गाडी. पाचजणांची बोटं टोचली. जाड थर रंगवायला ठेवले आणि एक थेंब ताजाच कव्हरस्लिपखाली घेऊन बघितला. लाल पेशींच्या गर्दीत एका ठिकाणी धक्काबुक्की चालली होती. पेशी आपोआप बाजूला होत होत्या, जणू दादर स्टेशनवर कोणी गर्दीतून वाट काढतंय. नीट बघितल्यावर मधला चाबकासारखा वळवळणारा धागा दिसला.

मी बाजूला झाले आणि त्याला बघू दिलं. तो बराच वेळ डोळा लावून बसला. ‘जिंदा है?’ हो म्हटलं. ‘मेरा है?’ हो. मग म्हणाला, ‘खून मेरा, और मुझको ही नहीं बताया.’ बाकीचे हसले. मग पाळीपाळीने सगळ्यांनी बघितलं. पाचातल्या दोघांच्या रक्तात ते होते. पाय सुजलेला कोणीच नव्हता. हत्तीपाय हा हत्तीरोगाचा शेवटचा अंक. त्याआधी कित्येक वर्षं मोठे जंत लसिकावाहिन्यांत गुपचूप नांदतात, पिल्लं रक्तात फिरतात, आणि माणूस रोज बारा तास लोखंड कापतो.

गंमत पुढे आहे. दोघांना हेट्राझानच्या गोळ्या दिल्या. पिल्लं मेली की शरीर खवळतं, कारण मेलेल्या जंताशी तह नसतो. दुसऱ्याच दिवशी दोघं तापाने फणफणले, डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुकादम लॅबमध्ये भांडायला आला. ‘अच्छाभला आदमी था, तुम लोगोंने बीमार कर दिया.’ त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. निरोगी वाटणाऱ्याला औषध देणं म्हणजे त्याला आज आजारी पाडून दहा वर्षांनंतरचं दुखणं टाळणं. हा सौदा रोजंदारीवरच्या माणसाला पटवायचा तर नुसता रिपोर्ट पुरत नाही.

मलेरियाचंही तेच रडगाणं. व्हायव्हॅक्सचा मलेरिया आमच्या भागात कायमचा पाहुणा. ताप उतरला, स्लाइड निगेटिव्ह आली की लोक प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्यांतल्या तीन घेऊन पाकीट खिशात ठेवायचे. पण व्हायव्हॅक्सची काही पिल्लं यकृतात झोपून राहतात, तीन महिने, आठ महिने. त्या काळात रक्ताच्या किती का स्लाइड बघा, सापडत नाहीत. मग एक दिवस परत हुडहुडी. पाच दिवसांचा प्रायमाक्विनचा कोर्स या पुनरावृत्तीला पुरत नाही, चौदा दिवसांचाच लागतो, हे दाखवणारं काम आमच्या शेजारच्या परळच्या केईएममधल्या डॉक्टरांनीच केलं. प्रायमाक्विन देण्याआधी जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता नाही ना, ही चाचणी करावी लागते. ती कमतरता मुंबईच्या पारशी समाजात बरीच आढळते, हेही १९६३ मध्ये मुंबईतच नोंदलं गेलं. मी निगेटिव्ह स्लाइडच्या रिपोर्टवर सही करायचे, आणि खिशातलं अर्धं पाकीट मला दिसत असायचं.

आता दुसरी चूक.

लकडा बंदरच्या वखारीत कणकवलीकडचे एक आबा होते. अठ्ठावन्नचे, पण सागाचा ओंडका खांद्यावर घ्यायचे. २००४ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आले. तक्रार विचारली. ‘माका काय्येक नाय गो बाय. भूक बरी, झोप बरी.’ मी लिहिलं : काही नाही. रक्त काढताना गप्पा चालल्या होत्या. ते म्हणाले, कधीतरी कमरेखाली एक लाल रेघ उठते, खाजते, तासाभरात वीतभर सरकते आणि नाहीशी होते. ‘पित्त असात.’ मी म्हटलं, गांधी उठत असेल, कोकम घ्या. रकाना भरून झाला होता. खोडून पुन्हा लिहायला आळस आला.

इओ अठरा निघाले. डॉक्टरबाईंनी शौचाचा नमुना मागवला. मी एक स्लाइड सलाइनमध्ये, एक आयोडीनमध्ये बघितली, नेहमीसारखी. लिहिलं : अंडी नाहीत, सिस्ट नाहीत. ऑपरेशन सुखरूप झालं. आबा परत वखारीत.

दोन वर्षांनी लॅबमध्ये टीबीच्या तपासणीसाठी थुंकीचे नमुने आले. त्यात आबांचं नाव होतं. मुलगा घेऊन आला होता. म्हणाला, वर्षभर दम लागत होता, गोळ्यांनी बरं वाटायचं, आता महिन्यात पार खंगलेत, उलट्या होतायत, मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय. गोळ्यांची चिठ्ठी त्याने दाखवली. स्टेरॉइड होतं. दम्याला देतात तेच, काही चूक नव्हती. आमच्या भागात खोकला आणि वजन उतरणं म्हटलं की पहिला संशय टीबीचा, शिवडीचं टीबी हॉस्पिटल काही लांब नाही.

मी स्लाइड रंगवली आणि ऑइल लेन्सखाली टीबीच्या जिवाणूंच्या लाल काड्या शोधायला बसले. काड्या नव्हत्या. एका जागी निळसर, जाड, दाणेदार पट्टा आडवा आला. वाटलं, कपड्याचा धागा. स्लाइड सरकवत गेले, पट्टा संपेना. ऑइल लेन्सच्या एका वर्तुळात मावत नाही एवढं मोठं काय असतं थुंकीत? तेल पुसलं, छोटी लेन्स लावली. पूर्ण आकृती दिसली : अर्ध्या मिलीमीटरची अळी, वळून पडलेली. खाली आणखी एक. माझ्या हाताला घाम फुटला. मी डॉक्टरबाईंना हाक मारली, ती हाक खाली टायरच्या दुकानात ऐकू गेली असेल.

स्ट्राँगिलॉइडिस. १८७६ मध्ये आजच्या व्हिएतनाममधून परतलेल्या फ्रेंच सैनिकांत हा जंत पहिल्यांदा सापडला. ओल्या मातीतली याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली गेली की लहान आतड्यात. तिथे मादी एकटीच, नराशिवाय अंडी घालते. अंडी आतड्यातच फुटतात, म्हणून शौचात अंडी सापडत नाहीत, अळ्या सापडतात, त्याही थोड्या आणि रोज नाही. आणि खरी मेख ही, की काही अळ्या बाहेर न जाता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून परत आत घुसतात. सरकणारी लाल रेघ ती हीच. बाकीच्या बहुतेक जंतांचं आयुष्य संपलं की प्रकरण संपतं. याचं संपतच नाही, पिढी पुढची पिढी तिथेच वाढवते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश कैद्यांच्या पोटात हा जंत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांनी इंग्लंडमध्ये सापडला. तोवर त्यांनी नोकऱ्या केल्या, संसार केले.

आबा सतराव्या वर्षी कोकण सोडून आले होते. गणपतीला जायचे, पण शेत भावाकडे, चिखलात उतरत नसत. म्हणजे लहानपणी लावणीच्या चिखलातून आत आलेला भाडेकरू चाळीसेक वर्षं त्यांच्याबरोबर ओंडके उचलत असावा. त्यांची प्रतिकारशक्ती चांगली होती म्हणूनच तो आवाक्यात राहिला. स्टेरॉइडने राखण उठवली. अळ्या हजारोंनी वाढल्या, आतडं भेदून फुप्फुसात गेल्या, आणि जाताना आतड्यातले जिवाणू अंगावर चिकटवून रक्तात घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला. आयव्हरमेक्टिन सुरू झालं. त्या रात्री मी जुनी वही काढली. २००४ चं पान. तक्रार : काही नाही. शौच : अंडी नाहीत, सिस्ट नाहीत. दोन्ही माझ्याच अक्षरात. एका नमुन्यावर हा जंत निम्म्याहून अधिक वेळा निसटतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी एका नमुन्यात सापडलं नाही एवढंच सांगू शकत होते. लिहिलं होतं मात्र ‘नाहीत’.

आबा वाचले. तीन आठवडे हॉस्पिटलात, मग महिनाभर घरी. पावसाळ्यानंतर काठी टेकत लॅबच्या जिन्यावर आले. अर्धे झाले होते. पिशवीत कोकम. मी कोकम घ्या म्हटलेलं त्यांच्या लक्षात होतं की काय, मला विचारायचं धाडस झालं नाही. बाकड्यावर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, ‘डॉक्टर म्हणता, तां माझ्या आंगात आधीपासूनच होता. खरा?’

मी म्हटलं, खरं.

‘मगे माका कसा कळाक नाय?’

‘तुम्हाला कळलं होतं, आबा. ती रेघ. तुम्ही मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘माका तरी खंय तक्रार वाटली.’ आणि कोकमाची पिशवी माझ्या टेबलावर सरकवली. त्यांनी मला सोडवलं खरं, पण मी सुटले नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. काचेचं एक नरसाळं आणलं, त्याच्या टोकाला रबरी नळी आणि चिमटा. वर चहाची गाळणी, गाळणीत पातळ कापडात नमुना, खालून कोमट पाणी, कापडाला जेमतेम टेकेल एवढं. अळ्या उबेकडे येतात, पण त्यांना पोहून वर चढता येत नाही. तासा-दोन तासांत तळाशी नळीत गोळा होतात. चिमटा सोडून तळाचे चार थेंब बघायचे. बेअरमनची ही रीत जुनीच, खर्च गाळणीचा. इओ वाढलेले आणि गावाकडची शेती सांगणारा माणूस आला की मी तीन वेगळ्या दिवसांचे नमुने मागायचे. स्टेरॉइड सुरू होणार असेल तर डॉक्टरबाई हटूनच बसायच्या. पुढच्या तेरा-चौदा वर्षांत त्या गाळणीने नऊजण पकडून दिले. त्यातल्या सातांना तक्रार काही नव्हती.

सगळ्या निरोगी माणसांनी घाबरून तपासण्या करत सुटावं, असं मी म्हणत नाही. कारवारच्या मुलाचा तवा मी विसरलेली नाही. जे दिसतं ते दरवेळी आजार नसतं, जे दिसत नाही ते दरवेळी नसतंच असं नाही, या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत माझं सगळं काम होतं.

दुसरी गोष्ट अगदी छोटी. आमचे रिपोर्ट तेव्हा कॉम्प्युटरवर टाइप होऊ लागले होते. टायपिंगच्या मुलीने तयार वाक्य ठेवलं होतं : अंडी, सिस्ट, अळ्या नाहीत. मी तिला ते बदलायला सांगितलं : या नमुन्यात अंडी, सिस्ट, अळ्या दिसल्या नाहीत. आणि तक्रारीच्या रकान्याखाली एक मोकळी ओळ वाढवायला सांगितली, आधीचं लिहून झाल्यावर माणूस जे बोलतो त्याच्यासाठी.

ती वैतागली. ‘मॅडम, दोन शब्दांसाठी पूर्ण फॉरमॅट हलतो. एका पानात बसत नाही.’

म्हटलं, दुसरं पान लाव.